ओट्यावर पत्रा टाकण्याआधी

बापू, घरकुलाचं प्लास्टर झालं, आता पुढच्या ओट्यावर पत्रा टाकायचा म्हणतोस. टाकच. मराठवाड्यातल्या आपल्या पुसेगावात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. सकाळी नऊनंतर उघड्या ओट्यावर पाय ठेववत नाही. तुझ्या मायचं धान्य निवडणं, पोरांचा अभ्यास, आल्या-गेल्याला बसायला टाकायची सतरंजी, सगळंच स्लॅबखाली कोंडतं. स्लॅब तर रात्री बारापर्यंत ऊब सोडत राहतो. तेव्हा सावली पाहिजेच, त्यात वाद नाही. पण वेल्डरला फोन लावायच्या आधी माझं ऐक. पत्र्यानं सावली पडते, गारवा आपोआप येत नाही. शिवाय त्या पत्र्याच्या दोन परीक्षा होतात. एक मे महिन्यात दुपारी दोनला, दुसरी मिरगाच्या आधी येणाऱ्या वादळात. दोन्हींत टिकेल असं बांधायचं.

आधी घराचं तोंड कुठं आहे ते बघ. तुझा ओटा पूर्वेला असता तर अर्धं काम घरानंच केलं असतं, कारण दुपार कलली की घराची सावली पूर्वेलाच पडते. जुन्या लोकांनी ओसऱ्या पूर्वेला काढल्या त्या उगीच नाहीत. दक्षिणेचा ओटाही चांगला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच मुरते. म्हणजे त्या दिवसांत दक्षिणेच्या पत्र्याखाली दुपारचं ऊन शिरत नाही. पौषात मात्र सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि पत्र्याची पुढची कड आठ फुटांवर असली तर दहा फूट रुंद ओट्यावर साडेसात फूट आतपर्यंत ऊन येतं. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, दोन्ही एकाच पत्र्याखाली.

तुझा ओटा पश्चिमेचा आहे, आणि खरी अडचण तिथंच आहे. कड आठ फुटांवर धर. मे महिन्यात दुपारी चारला ऊन दहा फूट आत येऊन भिंतीच्या बुडाला टेकतं. पाचला ते भिंतीवर साडेतीन फूट चढलेलं असतं. म्हणजे चारनंतर, ज्या वेळी माणसं ओट्यावर येऊन बसतात नेमकी त्याच वेळी, डोक्यावरच्या पत्र्याचा उपयोग संपला. लोक मग पत्रा आणखी चार फूट पुढं काढतात. पैसा जातो आणि ऊन येतच राहतं. पश्चिमेचं ऊन वरून अडत नाही, समोरून अडवावं लागतं. पत्र्याच्या पुढच्या कडेला वरून खाली सोडायचा बांबूचा पडदा लाव, नाहीतर बारदान शिवून त्याला खाली काठी घाल. दुपारी तीनला सोडायचा, दिवेलागणीला गुंडाळायचा. बारदानावर तांब्याभर पाणी शिंपडलंस तर झुळूक आली की आत गार वाटतं. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, म्हणून हे जमतं. कोकणात जमणार नाही.

आणि पंधरा-वीस फूट सोडून पश्चिमेला एक निंब लाव, आत्ताच, याच पावसाळ्यात. निंब शिशिरात पानं गाळतो, पण चैत्रात कोवळ्या पालवीनं भरून येतो आणि वैशाखात, हवा तेव्हा, गच्च असतो. शेवग्याच्या भरवशावर राहू नको. सावली विरळ आणि फांदी ठिसूळ, पत्र्याजवळ तर नकोच.

आता ताप. आपली जुनी माळवदाची घरं आठव. कडीपाटावर हातभर पांढरी माती. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून आत भर वैशाखात डोळा लागायचा. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असतो. वरचं ऊन दोन-चार मिनिटांत खालच्या अंगाला येतं आणि तिथून तो ताप सरळ आपल्या टाळूवर उतरतो. तुला पटत नसेल तर शाळेजवळच्या कुठल्याही पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोनला उभा राहा. तळहात वर करून पत्र्यापासून वीतभर खाली धर. हात लावायची गरज नाही, चुलीतल्या आरापुढं धरल्यासारखी धग लागेल. मग हात तसाच खाली खाली घे. खांद्यापर्यंत आलास की धग बरीच ओसरलेली असते. उंची का ठेवायची ते हातालाच कळतं. म्हणून पुढची कड आठ फुटांच्या खाली नको, आणि भिंतीकडची बाजू नऊ फूट. दहा फुटांत एक फूट उतार पाण्यालाही पुरतो.

भिंतीला पत्रा अगदी चिकटवून टाकायचा मोह होतो, कारण फटीतून पाणी येतं असं वेल्डर सांगतो. चिकटवू नको. तापलेली हवा पत्र्याच्या खालून उतारानं वर भिंतीकडं सरकते. तिथं तिला वाट मिळाली नाही तर ती ओट्यावरच घोटाळत राहते. भिंत आणि पत्रा यांत वीतभर मोकळी जागा सोड. पावसासाठी त्या फटीच्या वर, पत्र्यापासून सहा इंच उंच, भिंतीतून निघणारी दोन फूट रुंद पत्र्याची पट्टी वेगळी बसवून घे. ती पत्र्यावर फूटभर पुढं येऊ दे. हवा निघून जाईल, पाणी पट्टीवरून पत्र्यावर पडेल. एवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसेन, बाकी तू तुझ्या मनानं कर.

पत्रा कोणता, तर रंगीत घ्यायचा असेल तर पांढरा किंवा फिक्का घे. दुकानदार निळा आणि विटकरी दाखवेल, तो जास्त खपतो म्हणून. गडद रंग ऊन पिऊन घेतो. साधा जस्ती पत्रा घेतलास तरी हरकत नाही, त्याला वरून चुना मारायचा. कळीचा चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा डिंक घालून दोन हात. होळी झाली की दरवर्षी मारायचा, पावसानं तो धुपतोच. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांतल्या छपरांना असाच पांढरा थर द्यायची मोहीम निघाली, इतका हा साधा उपाय उपयोगी आहे. पत्र्याच्या खाली सहा इंच जागा सोडून बांबूची चटई ताणून बांधलीस तर टाळूवर येणारी धग आणखी तुटते. चटई पत्र्याला टेकवलीस तर मात्र तीच तापते. मध्ये हवा खेळली पाहिजे. उजेड यावा म्हणून मधेच पारदर्शक पत्रा बसवतात, तो बसायच्या जागेवर येऊ देऊ नको. आणि सिमेंटचा पत्रा स्वस्त वाटला तरी घेऊ नको. तो कापताना, फुटताना जी भुकटी उडते तिच्यातले तंतू फुप्फुसाचा घात करतात. घरात लहान लेकरं आहेत.

आता वारा. इथं जरा थांबून ऐक, कारण जीव जातात ते इथं.

वीस फूट लांब, दहा फूट रुंद ओट्यावर अर्धा मिलिमीटरचा पत्रा टाकला तर सगळ्या पत्र्याचं वजन शंभर किलोच्या आत भरतं. ताशी शंभर किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण पंचेचाळीस किलोचा रेटा देतो. तुझ्या पत्र्याला हिशेब लावलास तर तो साडेआठशे किलोच्या आसपास जातो. भिंत असलेल्या खोलीत वारा बाहेरच अडतो. ओटा तीन बाजूंनी उघडा, तिथं वारा खाली शिरतो आणि पत्रा वर उचलतो. म्हणून पत्र्याचं काम वजन पेलायचं कमी आणि जमिनीला धरून राहायचं जास्त. गावोगाव लोक पत्र्यावर दगड ठेवतात. पाच-सात दगडांनी काय होणार, बापू? पत्रा उडाला की तेच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतात. मराठवाड्यात दर उन्हाळ्याच्या शेवटी अशी बातमी वाचायला मिळते. तुझ्या पत्र्यावर एक दगडही दिसता कामा नये.

सगळा भार घराच्या भिंतीवर टांगू नको. भिंतीकडूनही तीन खांब स्वतंत्र घे, पुढं तीन, म्हणजे सहा. खांब अडीच इंची चौकोनी पाइपचा. आपली जमीन काळी, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. फूटभर खड्ड्यात गाडलेला खांब तिच्याबरोबर हलतो आणि दोन-तीन वर्षांत कलंडतो. मुरूम लागेपर्यंत खणायचं. अडीच फूट तरी नक्की, जास्त लागलं तर जास्त. दीड फूट लांब, दीड फूट रुंद खड्डा काँक्रिटनं भरला की एका खांबाच्या पायाला पावणेचारशे किलोचं वजन मिळतं. पाइपच्या बुडाला सळईचे दोन तुकडे आडवे-उभे जोडून घे, नाहीतर वादळात पाइप काँक्रिटमधून निसटतो. काँक्रिट जमिनीच्या वर सहा इंच काढ आणि त्याला चहूबाजूंनी उतार दे. पाइप आधी गंजतो तो नेमका मातीच्या पातळीला. वरची तोंडं झाकून घे, आत पाणी साचतं.

खांबांवरच्या आडव्या पाइपांत तीन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. वेल्डर चार-साडेचार फूट म्हणेल, त्याचा माल वाचतो. पत्रा वर ठेवल्यावर स्क्रू लाटेच्या उंच भागावर मारायचा, खोलगट भागात नाही. खोलगटातून पाणी वाहतं, तिथलं भोक गळणारच. रबरी वायसर हवाच. कडेच्या लाटांवर प्रत्येक लाटेला एक स्क्रू, आतल्या भागात एक सोडून एक. वारा आधी कड उचलतो, मग बाकीचं. दोन पत्र्यांच्या जोडावर दीड लाट एकमेकांवर यायला पाहिजे, आणि वरच्या पत्र्याची उघडी कड पावसाच्या वाऱ्याकडं तोंड करून नको. आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो.

वेल्डिंग झालं की प्रत्येक सांध्यावरचा काळा पापुद्रा तारेच्या ब्रशनं घासून लगेच रेड ऑक्साइड मारायचं. उद्यावर ठेवायचं नाही. खालच्या अंगाचे सांधे रंगवायचे राहतात, तिथं आरसा धरून बघ.

वायरीचं सांगतो. ओट्यावर पंखा, दिवा लागणारच. वायर पत्र्याला किंवा खांबाला घासत नेऊ नको. प्लास्टिकच्या पाइपातून ने आणि सगळा सांगाडा अर्थिंगला जोड. विजेच्या खांबावरून घरात येणारी वायर पत्र्याच्या वरून लोंबकळत असेल तर काम सुरू करायच्या आधी ती उंच करून घे. पावसात ओल्या पत्र्यात करंट उतरला तर हात लावणारा पहिला माणूस घरातलाच असतो.

पुढच्या कडेला पन्हाळ लाव. एक सेंटिमीटर पाऊस पडला की या पत्र्यावरून एकशे ऐंशी लिटरच्या वर पाणी येतं. हंगामाचे आठशे मिलिमीटर धरलेस तर पंधरा हजार लिटरच्या जवळपास. पहिल्या पावसाचं पाणी सोडून दे, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. नंतरचं बॅरलमध्ये घे, बॅरल भरला की बोअरजवळच्या खड्ड्यात. ते ओट्याच्या कडेला पडू दिलंस तर काळी माती फुगते आणि तुझेच खांब उचलते.

ज्याला पत्र्याचा खर्च झेपत नाही त्यानं शेडनेट ताणावं, त्यातून वारा निघून जातो. तुराट्यांचा मांडव तर पत्र्यापेक्षा गार असतो, पण चूल जवळ असली की तो आगीचा धनी, आणि वाळवी वर्षाआड खाते. तुझ्याकडं पैसे आहेत, तू पत्राच टाक.

काम कधी? दिवाळी झाली की. उन्हाळ्यात वेल्डरला लग्नाच्या मांडवांतून आणि शेडच्या कामांतून उसंत नसते. होळीच्या सुमाराला जिल्ह्यात हळद शिजवायची धांदल, मजूर मिळत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात खणलेल्या खड्ड्यातलं काँक्रिट थंडीत नीट पाणी पितं. सात-आठ दिवस त्यावर ओलं बारदान ठेव, तोवर खांबावर काही चढवू नको. पाइप विकत घेताना वजनावर घे, नगावर नाही. पातळ पाइप नगाच्या भावात खपवतात. मजुरी ठरवताना रंग आणि पन्हाळ त्यात धरलेत का ते कागदावर लिहून घे, आणि शेवटचा हप्ता पहिला पाऊस होऊन गेल्यावर दे.

खड्ड्यांची आखणी करायच्या दिवशी मला सांग. दोरी आणि ओळंबा मी घेऊन येतो.