मुलाखतीला कोट शिवायचा का?

सिद्धेश्वर, औंढा, हिंगोली भागातल्या घरात पुण्याच्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं, की आनंदाच्या पाठोपाठ धास्ती येते. पत्रात ‘बिझनेस कॅज्युअल’ लिहिलेलं असतं आणि वडील विचारतात, कोट शिवावा लागेल का? सोयाबीनचे पैसे त्यात घालू नका. कोट-टायची इथे गरजच नाही. मुलांना फिकट रंगाचा कॉलरचा शर्ट, गडद पँट, बेल्ट, बंद बूट. मुलींना साडी, पंजाबी ड्रेस किंवा शर्ट-पँट, ज्यात त्या अवघडत नाहीत ते. पँट घातली नाही म्हणून लेक मागे पडेल, ही भीती आयांनी मनातून काढावी.

सरकारी नोकरीत तर हे लेखी आहे. सामान्य प्रशासन विभागाच्या ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात साडी, सलवार-कुर्ता, शर्ट-पँट असं सांगितलं होतं, कार्यालयात स्लिपर नको म्हटलं होतं आणि शुक्रवारी खादी सुचवली होती. मार्च २०२४ मध्ये शाळांतल्या शिक्षकांसाठीही सूचना आल्या: जीन्स-टीशर्ट नको, भडक नक्षी नको, पुरुषांचा शर्ट खोचलेला हवा. डी.एड., बी.एड. करणाऱ्यांनी त्या आत्ताच वाचाव्यात.

महाग शर्टापेक्षा मापात बसणारा शर्ट केव्हाही बरा. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावरच हवी. ती दंडावर उतरली, की शर्ट उसना वाटतो. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत. थोरल्या भावाचा शर्ट असला तरी काही बिघडत नाही, टेलरकडून बाजूच्या शिवणी आत घेऊन घ्या, पँटची उंचीही नीट करून घ्या.

आपल्याकडून एसटीने किंवा गाडीवरून जाताना धूळ, घाम चुकत नाही. इस्त्रीचा शर्ट घडी घालून पिशवीत न्या, पोचल्यावर तोंड धुऊन बदला. नवे बूट आधी आठवडाभर घरात वापरा. चावरा बूट असला, की प्रश्न ऐकताना लक्ष टाचेकडे जातं. मोजे धुतलेलेच हवेत. केसांना तेल आदल्या रात्री लावा, सकाळी डोकं धुवा. दाढी असू द्या, पण कडा कोरलेल्या हव्यात.

आणि गुटखा. याबद्दल घरात आडपडदा न ठेवता बोला. लाल दात आणि तोंडाचा वास कुठल्याही सेंटने झाकले जात नाहीत, पोराची हुशारी कळण्याआधीच समोरच्याचं मत होऊन बसतं. मुलाखत ठरल्यावर नव्हे, कॉलेजात असतानाच तो सुटायला हवा.

रुजू झाल्यावर पहिल्या पगाराआधी खरेदीचा सपाटा लावू नका. दोन पँट आणि चार शर्ट पुरतात. आठवडाभर तिथली माणसं काय घालतात ते पाहा. सॉफ्टवेअर कंपनीत टी-शर्ट चालून जाईल, बँकेत नाही. धरणावर, बांधकामावर उभं राहणाऱ्या अभियंत्याला मजबूत बूट आधी लागतात. तरी शंका उरलीच, तर ज्या नंबरवरून बोलावणं आलं तिथे फोन करून विचारा.