वाटणी नको, वाटा हवा

(प्रौढ वर्गासाठी व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : यशया ५६:१-८, मार्क २:१-१२, प्रेषितांची कृत्ये १९:८-१०.

पाठाचा हेतू : एखादी नावाजलेली वास्तू सर्व लोकांची कशी होते व तिच्या योगाने भोवतालचे जीवन कसे बदलते, हे समजून घेणे, आणि आपल्या मंडळीच्या इमारतींचा त्या दृष्टीने विचार करणे.

प्रस्तावना

माळव्यातील धार व देवास ही गावे मराठी माणसाला परकी नाहीत. दोन्हीकडे पवार घराण्याची राज्ये होती. देवासला तर एकाच गावात दोन राज्ये नांदत असत, थोरली पाती व धाकटी पाती. तुकोजीराव व जिवाजीराव या दोघा भावांपासून ही दोन घराणी चालत आली. वाटणी इतकी बारीक होती की, मुख्य रस्त्याच्या एका बाजूस एका दरबाराचा अंमल व दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा. दिवाबत्तीची व पाण्याची व्यवस्थाही निरनिराळी. १९४८ साली दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली, तेव्हा ही वाटणी संपली.

धारची सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे भोजशाळा व कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखली जाणारी जुनी इमारत. २००३ साली पुरातत्त्व खात्याने तिथे मंगळवारी हिंदूंना पूजेची व शुक्रवारी मुसलमानांना नमाजाची मुभा देऊन वार ठरवून दिले. वाद पुढे न्यायालयात गेला. त्यात कोणाची बाजू खरी, हे ठरविणे या पाठाचे काम नव्हे. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की, भांडण आवरण्यासाठी वाटणी कधी कधी करावी लागते, पण वाटणीने शेजारी एकत्र येतातच असे नाही. रस्ता, खोल्या किंवा वार वाटून दिले तरी माणसे वेगळीच राहू शकतात. मग वास्तू सर्वांची होते ती कशाने?

शास्त्रात काय दिसते

यशयाच्या ५६ व्या अध्यायात परदेशीय व षंढ अशा बाहेर ठेवलेल्या लोकांना देवाच्या घरात स्थान मिळते. सातवे वचन वर्गात लक्षपूर्वक वाचावे. या लोकांना नुसते आत घेतलेले नाही, तर त्यांची अर्पणेही वेदीवर मान्य केली आहेत. म्हणजे ते पाहुणे राहिले नाहीत, वाटेकरी झाले.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात घर माणसांनी भरले आहे. दाराशीही जागा नाही. परंतु ज्याला सर्वांत अधिक गरज होती, तोच पक्षघाती बाहेर राहिला, आणि चौघांना छप्पर उघडावे लागले. घर भरले म्हणजे ते सर्वांना खुले झाले, असे आपण समजतो. हा उतारा आपल्याला सावध करतो.

प्रेषितांची कृत्ये यात पौल सभास्थान सोडून तुरन्नाच्या पाठशाळेत जातो व दोन वर्षे दररोज तेथे संवाद करतो. देवाच्या कार्याला परक्याची शाळाही चालली.

शिकागो व नागपाडा

अमेरिकेतील शिकागो शहरात चार्ल्स हल नावाच्या धनिकाने १८५६ साली एक मोठा वाडा बांधला होता. पुढे त्या भागात परदेशांतून आलेल्या गरीब कामगारांची दाट वस्ती झाली. १८८९ साली जेन अ‍ॅडम्स व एलन गेट्स स्टार या दोघी मैत्रिणी त्या वाड्यात राहावयास गेल्या. आरंभी त्यांनी शेजाऱ्यांसाठी वाङ्मयवाचनाचे कार्यक्रम ठेवले. पण कामावर जाणाऱ्या आयांची अडचण निराळीच होती. मुले कोठे ठेवायची? तेव्हा बालवर्ग व पाळणाघर सुरू झाले. पुढे या घरातील कार्यकर्त्यांनी वस्तीतील कुटुंबांच्या मजुरीची घरोघर नोंद करून १८९५ साली नकाशांसह पुस्तक काढले. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय असावे म्हणून त्यांनी खटपट केली. असे न्यायालय १८९९ साली तेथे स्थापन झाले. जेन अ‍ॅडम्स यांना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच विचार मुंबईत आपल्या ओळखीच्या अमेरिकन मराठी मिशनने आणला. शिकागो विद्यापीठात शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मुंबईस आले. भायखळ्याजवळ नागपाड्यात नागपाडा नेबरहुड हाउस, म्हणजे शेजाऱ्यांचे घर, सुरू झाले. भोवताली मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती अशी मिश्र वस्ती. कामाठीपुरा अगदी लगत. घरात वाचनालय, वर्ग, खेळ व व्यायाम यांची सोय झाली. मुंबई शहराच्या प्रश्नांवर जाणकारांच्या व्याख्यानमाला होत व त्यांतून पुस्तके निघत. १९२९ व १९३२ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचे भयंकर दंगे झाले. त्या काळात सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र येता येईल अशा जागेचे मोल किती, हे सांगावयास नको.

काम वाढले तसे डॉ. मॅन्शार्ट यांच्या ध्यानात आले की, नुसती कळवळ पुरत नाही, शिकलेले कार्यकर्ते हवेत. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ साली याच घरात समाजकार्याचे शिक्षण देणारी भारतातील पहिली शाळा निघाली. १९४४ साली तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले व १९५४ साली ती देवनारला स्वतःच्या जागेत गेली. नागपाड्याच्या गल्ल्यांत बास्केटबॉल रुजला, आणि तेथूनच वर आलेले अब्बास मुंतसिर यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला.

आपण काय शिकावे

१. काम गरजेतून ठरते. शिकागोच्या भगिनींनी आपला पहिला बेत धरून ठेवला नाही. आयांना काय हवे ते पाहिले.

२. माहिती आधी जमवावी. मजुरी किती, मुले किती, आजार कोणते, हे नोंदल्यावाचून केलेली सेवा अंधारात चाचपडण्यासारखी आहे.

३. इमारत साधन आहे. शिकागोचा मूळ वाडा आज संग्रहालय म्हणून उभा आहे, पण ते काम चालविणारी संस्था पैशाअभावी २०१२ साली बंद पडली. उलट नागपाड्यातील शाळा ते घर सोडून गेली आणि वाढली. भिंती राखल्या म्हणजे काम राखले, असे नाही.

आपल्या मंडळीसाठी

आपल्या पुष्कळ मंडळ्यांजवळ मिशनच्या काळातले बंगले, शाळा, वसतिगृहे आहेत. कोठे कुलूप आहे, कोठे कौले फुटली आहेत, कोठे आपसांत दावे चालू आहेत. अशा वेळी दोन विचार पुढे येतात : विकून टाकावे, किंवा आपल्याच गटाच्या ताब्यात ठेवावे. आम्हांला तिसरा मार्ग सुचवावासा वाटतो.

प्रथम विश्वस्तांची लेखी संमती घ्यावी, म्हणजे पुढे तंटा नको. मग एकच खोली दुरुस्त करावी. आसपासच्या घरी जाऊन विचारावे : तुमच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला जागा आहे काय? बायांना बचत गटाची बैठक भरविण्यास ठिकाण आहे काय? म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेते? उत्तर येईल ते काम हाती घ्यावे. देखरेखीच्या समितीत निम्मे शेजारी असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. हिशेब महिन्याच्या महिन्याला भिंतीवर लावावा. आणि खोलीची एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी.

ही शेवटची गोष्ट सर्वांत जड जाते. दान देणे सोपे असते, कारण देणारा वरच राहतो. किल्ली दिली की शेजारी आपल्या बरोबरीचा होतो. त्याचा सल्ला ऐकावा लागतो, कधी आपला बेत सोडावाही लागतो. परंतु यशयाच्या अध्यायात परक्याचे अर्पण वेदीवर मान्य होते, त्याचा आपल्या अंगणातला अर्थ हाच आहे, असे आम्हांला वाटते.

वर्गासाठी प्रश्न

१. मार्काच्या उताऱ्यात दाराशी उभ्या असलेल्या लोकांनी काय करावयास हवे होते?

२. आपल्या मंडळीची कोणती खोली आठवड्यातून किती तास बंद असते? सर्वांनी मिळून यादी करा.

३. आपल्या मंदिराच्या भोवती राहणाऱ्या दहा कुटुंबांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? नसल्यास या आठवड्यात दोघादोघांनी जाऊन ओळख करून घ्या. पुढच्या रविवारी काय ऐकले ते वर्गाला सांगा.

लहान मुलांच्या वर्गासाठी : खोक्याचे घर करून त्याचे छप्पर उघडता येईल असे ठेवावे व मार्काची गोष्ट सांगावी. शेवटी मुलांना विचारावे, "त्या माणसाला आत घ्यायला आपण दारातून वाट कशी करून दिली असती?"