सगळं सुरळीत आहे? मग सावधान!

कंट्रोल सिस्टीम्समध्ये आपण इनपुटला धक्का देऊन स्टेबिलिटी तपासतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हायमन मिन्स्की (१९१९-१९९६) यांचा विचार वाचला आणि मी चक्रावलोच. ते म्हणतात, अर्थव्यवस्थेत धक्का आतूनच तयार होतो, तोही सगळं सुरळीत चालू असताना!

मिन्स्कींनी कर्जदारांचे तीन प्रकार पाडले. पहिला उत्पन्नातून व्याज आणि मुद्दल दोन्ही फेडतो. दुसऱ्याला फक्त व्याज झेपतं; मुद्दलासाठी तो नवं कर्ज काढतो. तिसऱ्याला व्याजही झेपत नाही; घेतलेल्या मालमत्तेचा भाव वाढेल, एवढीच त्याची आशा. चांगली वर्षं सलग गेली की बँका सैल होतात, कर्जदार धीट होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातली गर्दी वाढते.

आता व्याजदर वाढवून बघू. १० लाखांवर ६ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६० हजार, ९ टक्क्यांनी ९० हजार. हातात ७० हजारच उरत असतील, तर दुसऱ्याचा तिसरा झालाच म्हणून समजा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने जून २००४ ते जून २००६ या काळात दर १ वरून ५.२५ टक्क्यांवर नेला. पुढे घरांचे भाव कोसळले आणि सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली.

म्हणजे मध्यवर्ती बँकेने नुसती महागाई बघून भागत नाही. कर्ज कोणत्या प्रकारचं वाढतंय, हेही बघावं लागतं. आणि आपणही! बदलत्या व्याजदराच्या शैक्षणिक कर्जावर सही करण्याआधी दर तीन टक्क्यांनी वाढवून हप्ता मांडून बघा. आपण कितव्या प्रकारात बसतो, ते लगेच कळेल.