तेल पातळ, तूप घट्ट कशामुळे?

तेल व तूप यांची मूळ घडण एकच आहे. ग्लिसरॉलच्या एका रेणूस वसाम्लांचे तीन रेणू जोडले गेले म्हणजे स्निग्ध पदार्थ तयार होतो. वसाम्लांच्या साखळीत द्विबंध असल्यास ती वाकते. रेणू दाटीने बसत नाहीत व पदार्थ पातळ राहतो. करडईचे तेल याच प्रकारचे होय.

निकेलच्या साहाय्याने अशा तेलाशी हायड्रोजनचा संयोग घडविला की द्विबंध घटतात व घट्ट 'वनस्पती' मिळते. मात्र ही क्रिया अपुरी राहिल्यास हृदयास अपायकारक ट्रान्स वसाम्ले निर्माण होतात. म्हणूनच जानेवारी २०२२ पासून देशात खाद्यतेले व वनस्पती यांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापविल्यासही अपायकारक द्रव्ये वाढतात. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकात ही दक्षता घेणे अगत्याचे आहे.