घटक ५ : कूटाची उकल – गूढ शब्दकोडे आणि श्लेषविचार

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• गूढ शब्दकोड्यातील संकेताची रचना सांगता येईल.
• अभंग श्लेष, सभंग श्लेष, च्युताक्षर आणि च्युतदत्ताक्षर या संकल्पना उदाहरणांत ओळखता येतील.
• कोड्याची उकल आणि साहित्यकृतीचा अर्थ यांतील भेद स्पष्ट करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वर्तमानपत्रातील शब्दकोडे तुम्ही कधी ना कधी सोडवले असेल. आज परिचित असलेल्या चौकटींच्या शब्दकोड्याचा आरंभ २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून केला. पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये त्याचा गूढ प्रकार रूढ झाला. साध्या कोड्यातील संकेत केवळ समानार्थी शब्द विचारतो. गूढ कोड्यातील संकेताचे मात्र दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो आणि दुसरा उत्तराची घडण सांगतो. हे दोन भाग एका सरळ दिसणाऱ्या वाक्यात बेमालूम मिसळलेले असतात.

चौकटी नव्या असल्या, तरी ही बुद्धी आपल्याकडे जुनी आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिकेचा समावेश आहे. आचार्य दंडी यांनी ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार वर्णिले आणि तिचे तीन उपयोग सांगितले : मंडळीतील करमणूक, गर्दीतही जाणत्यांशी गुप्तपणे बोलणे आणि इतरांना चकवणे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त, ती रसाला बाधक ठरते म्हणून, तिला अलंकाराचे स्थान नाकारले. तिचे च्युताक्षर, दत्ताक्षर इत्यादी प्रकार मात्र त्यानेही नोंदवले आहेत. याच संज्ञा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहेत.

५.३ उकलीची रीत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या परिसरातून रचलेले काही संकेत पाहू. कंसातील अंक अक्षरसंख्या दाखवतो. मराठी कोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसह, बसते. जोडाक्षरालाही एकच चौकट मिळते. म्हणून ‘कृष्णा’ हा शब्द दोन अक्षरांचा होतो.

(अ) सांगलीच्या घाटाला भेटणारी पांडवपत्नी (२)

वाचताना डोळ्यांपुढे एक स्त्री उभी राहते. संकेताचे दोन तुकडे केले, की गुंता सुटतो. सांगलीच्या घाटाला भेटणारी ती नदी. पांडवपत्नी ती द्रौपदी. दोघींचे नाव एकच : कृष्णा. शब्द न तोडता दोन अर्थ मिळाले. हे अभंग श्लेषाचे तत्त्व होय.

(आ) हाताला विहीर लागली, तेच प्रीतिसंगमाचे गाव (३)

हात म्हणजे ‘कर’. विहीर म्हणजे ‘आड’; ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ या म्हणीतला. ‘लागली’ हे क्रियापद दोन्ही शब्द जोडण्यास सांगते. कर + आड = कराड. येथे स्वरसंधीही झाला आहे. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम कराडला आहे, म्हणजे अर्थाचा भागही जुळला. शब्द तोडल्यावर वेगळा अर्थ निघतो, म्हणून हे सभंग श्लेषाचे तत्त्व होय.

एक भेद ध्यानात ठेवा. श्लेषात शब्द समोर असतो आणि अर्थ शोधावे लागतात. कोड्यात अर्थ समोर असतात आणि शब्द शोधावा लागतो.

(इ) विश्वकोशाचे गाव, हवाई आरंभ वगळून (२)

‘हवाई’ या शब्दाचे आरंभीचे अक्षर वगळले, की ‘वाई’ उरते. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली सातारा जिल्ह्यातील वाई येथून झाले. अक्षर गळाले, म्हणून हे च्युताक्षर.

(ई) पलटणीतला पहिला एक पाऊल पुढे, तेच नाईक-निंबाळकरांचे गाव (४)

येथे कवायतीचा भास होतो. पलटणीतला पहिला कोण? शिपाई नव्हे, ‘प’ हे अक्षर. वर्णमालेत ते एक पाऊल पुढे सरकले, की ‘फ’ होते. उत्तर : फलटण. एक अक्षर गेले आणि त्याच्या जागी दुसरे आले, म्हणून हे च्युतदत्ताक्षर.

५.४ संकेताची प्रामाणिकता

आता एक सदोष संकेत पाहा : ‘शिराळ्याचा साप उलटला, एका हातात मावेल एवढे धान्य (२)’. ‘साप’ उलट वाचला, की ‘पसा’ मिळतो आणि पसा म्हणजे एका हाताच्या खोलगटात मावेल एवढे धान्य. उत्तर बरोबर आहे. मग ‘शिराळ्याचा’ हा शब्द काय करतो? सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे वाक्याला स्थानिक रंग येतो. पण उत्तराच्या अर्थात किंवा घडणीत त्या शब्दाला काहीही काम नाही. तो काढून टाकणेच योग्य.

‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये हाच दंडक सांगितला. त्याचा आशय असा : वरवर जे भासते ते रचनाकाराला अभिप्रेत नसले तरी चालेल, जे अभिप्रेत आहे ते मात्र शब्दांत उतरलेच पाहिजे. चकवणे मान्य आहे, फसवणे मान्य नाही. सोडवणाऱ्यालाही हाच नियम लागू होतो. उत्तर अचानक सुचले, तरी प्रत्येक शब्दाचा हिशेब लागेपर्यंत तो केवळ अंदाज असतो.

५.५ कोडे आणि साहित्यकृती

दंडींनी सांगितलेला दुसरा उपयोग, गर्दीत जाणत्यांशी गुप्तपणे बोलणे, आठवा. सांगलीत १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील. प्रेक्षकांनी मात्र कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पारतंत्र्यातील भारत, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले. सरकारनेही तोच अर्थ वाचला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. पौराणिक वाक्यांचा दुसरा अर्थ लावणे हा तेव्हा रविवारचा विरंगुळा नव्हता.

तरीही ‘कीचकवध’ म्हणजे कोडे नव्हे. कोड्याचे उत्तर मिळाले, की संकेताचे काम संपते. नाटक मात्र राजकीय अर्थ कळल्यानंतरही उरते. तो अर्थ न कळताही द्रौपदीची विटंबना प्रेक्षकाला अस्वस्थ करते. कोड्यात अक्षरसंख्या साक्ष देते. साहित्यात पात्र, प्रसंग आणि काळ यांची साक्ष एकमेकींशी जुळवून पाहावी लागते आणि एकाहून अधिक अर्थ टिकू शकतात. एक प्रश्न मात्र दोन्हीकडे समान आहे : हा अर्थ संहितेतील कोणत्या शब्दावर उभा आहे? त्याचे उत्तर देता येत नसेल, तर आपण संहितेचा नव्हे, आपल्या मनातला अर्थ सांगत असतो.

५.६ स्वयं-अध्ययन

१. ‘साठ मिनिटांच्या वस्तीत बेदाण्याचा बाजार (४)’ या संकेताची उकल स्पष्टीकरणासह लिहा.
२. तुमच्या गावाच्या नावावर एक सभंग संकेत रचा. त्यातील प्रत्येक शब्दाचे कार्य लिहा. निष्काम शब्द आढळल्यास तो काढून संकेत पुन्हा लिहा.
३. ‘कीचकवध’ नाटकातील एक प्रवेश वाचा आणि त्याचा राजकीय अर्थ कोणत्या शब्दांतून सूचित होतो, ते दाखवा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : तासगाव. साठ मिनिटे = तास; वस्ती = गाव. सांगली जिल्ह्यातील तासगाव ही बेदाण्याची बाजारपेठ आहे. केवळ ‘तासगाव’ एवढेच लिहिले असल्यास उत्तर अपुरे समजावे.