घाईतल्या कामाचा हिशेब

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. पण दुष्काळ कधी कधी अशी वेळ आणतो, की विहीर तेव्हाच खणावी लागते. अशा वेळी काम थांबवू नये. हिशेबही थांबवू नये.

सन २०१६ मध्ये लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले. ते पाणी कृष्णेचे. आपल्या कुंडल भागाजवळून वाहणारी कृष्णाच पुढे मिरजेकडे जाते. पहिली गाडी ११ एप्रिलला निघाली. तिला १० वाघिणी होत्या. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. त्यासाठी मिरजेत घाईने नवी पाइपलाइन टाकावी लागली.

मे महिन्यात रेल्वेने वाहतुकीचे बिल लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले. पाणी ६ कोटी २० लाख लिटर. बिल सुमारे ४ कोटी रुपये. भागून पाहा. लिटरला सुमारे ६५ पैसे पडले. म्हणजे १५ लिटरची घागर जवळजवळ पावणेदहा रुपयांना पडली!

पण हा झाला नुसता वाहतुकीचा खर्च. मिरजेची पाइपलाइन, पंपाची वीज, लातुरातले टँकर, हा खर्च वेगळाच. एका बिलावरून पाण्याची खरी किंमत कळत नाही. सगळी कलमे मांडावी लागतात.

आता गावाचे उदाहरण घेऊ. समजा, गावची विहीर आटली. लांबच्या एका शेतकऱ्याची विहीर ग्रामपंचायतीने दोन महिने घेतली. तिथून पाइप टाकून पाणी आणले. खर्च असा झाला :

पाइप – ६०,००० रुपये
पंप – ४०,००० रुपये
चर खोदण्याची मजुरी – २०,००० रुपये
विजेचे बिल – १०,००० रुपये
विहीरमालकाचा मोबदला – १०,००० रुपये
एकूण – १,४०,००० रुपये

रोज २० हजार लिटर पाणी मिळाले. ६० दिवसांत १२ लाख लिटर झाले. लिटरला सुमारे १२ पैसे पडले.

आता नीट बघा. या खर्चाचे दोन भाग आहेत. मजुरी, वीज आणि मोबदला मिळून ४०,००० रुपये. हे खर्चून संपले. पाइप आणि पंप मिळून १,००,००० रुपये. हे पैसे संपले नाहीत. ते वस्तूच्या रूपाने गावाकडे आहेत. पाऊस पडल्यावर पाइप काढला, की तो मोजून ग्रामपंचायतीच्या जडवस्तू नोंदवहीत लिहावा. किती फूट, कुठे ठेवला, कुणाच्या ताब्यात दिला, हे लिहावे. तसे केले, तर पुढच्या दुष्काळात नवा पाइप घ्यावा लागणार नाही. नाही लिहिले, तर पाइप कुणाच्या तरी मळ्यात जाईल आणि गावाला पुन्हा साठ हजार रुपये मोजावे लागतील.

श्रमदानही लिहावे. बायाबापड्यांनी फुकट चर खोदला आणि वहीत त्याची मजुरी दाखवली, तर ती चोरीच झाली. म्हणून श्रमदान कुणी केले, किती फूट केले, हे त्याच दिवशी लिहावे.

कुणी म्हणेल, "पाणी मिळालं ना? मग हिशेब कशाला मागता?" त्याला सांगावे, "बाबा, पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. घाई होती म्हणून चार ठिकाणी भाव विचारता आला नाही. म्हणूनच पावती जपायची आणि दर लिहून ठेवायचा."

रोज संध्याकाळी चार ओळी लिहा : काय आणले, किती आणले, काय दराने, कुणी मोजून घेतले. महिन्याने आठवून लिहिलेला हिशेब खरा नसतो. काम संपले, की तो ग्रामसभेत मोठ्याने वाचा. आता आपल्याला वाचता येते. दुसऱ्याने वाचलेले खरे की खोटे, हे आपण स्वतः वही हातात घेऊन पाहू शकतो.

प्रश्न
१. वरच्या उदाहरणात संपून गेलेला खर्च किती?
२. पाइप जपून ठेवला, तर पुढच्या वेळी कोणता खर्च वाचेल?
३. तुमच्या गावच्या मागच्या टंचाईतला पाइप आज कुठे आहे? विचारून लिहा.