चलनी नोटा रद्द होणें आणि शेतकऱ्याचा हंगाम

सरकारनें एखाद्या रकमेच्या नोटा रद्द केल्या म्हणजे त्याची झळ सावकार व मोठे व्यापारी यांसच लागते, शेतकऱ्यास त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत नेहमींच खरी ठरत नाहीं. नोटा कोणत्या रकमेच्या काढल्या, त्या किती लोकांच्या हातांत होत्या, आणि त्यांच्या जागीं दुसरें चलन तयार होतें कीं नव्हतें, या तीन गोष्टींवर सर्व परिणाम अवलंबून असतो. याच तीन कसोट्या लावून आपल्या देशांतील उदाहरणें पाहूं.

नोट हा स्वतः माल नव्हे. तितकी रक्कम देण्याचें तें वचन असून, कायद्यानें तें देण्याघेण्यास ग्राह्य ठरविलें म्हणूनच बाजारांत चालतें. कायद्याचा आधार निघाला कीं नुसता कागद उरतो. सरकार असें करतें त्याचीं कारणें बहुधा तीन: कर चुकवून सांठविलेला पैसा बाहेर काढणें, खोट्या नोटांस आळा घालणें, व गैरकृत्यांस मिळणारी रोकड तोडणें.

दुसऱ्या महायुद्धांत काळ्या बाजारांतून पुष्कळांनीं पैसा केला. तो उघडकीस यावा म्हणून १२ जानेवारी १९४६ रोजीं वटहुकूम निघून ५००, १,००० व १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. अशा सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकीं सुमारे १३५ कोटींच्या बदलून गेल्या. बाकी सुमारे ९ कोटींच्या आल्याच नाहींत. पुढें १६ जानेवारी १९७८ रोजीं १,०००, ५,००० व १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. या दोन्ही वेळीं खेड्यांतील व्यवहार अडला नाहीं. कारण तेवढी मोठी नोट सामान्य कुळवाड्याच्या कनवटीस क्वचितच असे.

८ नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट निराळी. त्या रात्रीं ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनांतील एकंदर नोटांच्या किंमतीपैकीं सुमारे ८६ टक्के किंमत या दोनच नोटांत होती, मजुरापासून अडत्यापर्यंत सर्वांच्या हातीं त्या होत्या, आणि नव्या नोटा पुरेशा छापून तयार नव्हत्या. म्हणजे तिन्ही कसोट्यांवर संकट मोठें होतें.

त्यांत दिवस कोणते, हें पाहावें. खरिपाचा माल बाजारांत येत होता व रब्बीची पेरणी सुरू होती. व्यापाऱ्याजवळ रोकड नसली कीं तो खरेदी आंखडती घेतो किंवा उधारीवर माल मागतो. ज्वारी, सोयाबीन घरांत थांबवितां येतें. टोमॅटो थांबत नाहीं. म्हणून नाशवंत मालाचे भाव पडले. इकडे बियाणें, खत व मजुरी यांस रोख पैसा हवा. माल आहे पण पैसा नाहीं, अशी ही अडचण होती.

तशांत १४ नोव्हेंबर २०१६ रोजीं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. काळा पैसा या वाटेनें पांढरा होईल ही भीति त्यामागें होती. परंतु महाराष्ट्रांतील पुष्कळ शेतकऱ्यांस पीककर्ज याच बँकांतून व गांवच्या सोसायटींतून मिळतें. ज्याचें खातें तेथेंच, त्याची वाटच बंद झाली. मनाईपूर्वीं या बँकांनीं घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेंत भरण्याची परवानगी जून २०१७ मध्यें मिळाली. तोंवर ती रक्कम अडकून पडली.

आणि फलित काय? १५.४१ लाख कोटींच्या रद्द नोटांपैकीं १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या. काळा पैसा नोटांच्या रूपानें बुडेल ही अपेक्षा फळली नाहीं. बँकेंत आलेल्या रकमांची चौकशी करण्यास साधन मिळालें व रोखीवांचून देणेंघेणें वाढलें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु पडत्या भावानें विकलेल्या मालाची भरपाई त्यानें होत नाहीं.

१९ मे २०२३ रोजीं २,००० रुपयांची नोट चलनांतून काढण्याचें जाहीर झालें, पण तिचा कायदेशीरपणा रद्द केला नाहीं व बदलण्यास अनेक महिने दिले. त्या वेळीं बाजार अडला नाहीं. ‘रद्द करणें’ व ‘परत घेणें’ यांतील हा भेद वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा.

यावरून शेतकरीबंधूंनीं घ्यावयाचा बोध थोडक्यांत असा. हंगामाचा सर्व पैसा मोठ्या नोटांत घरीं किंवा एकाच बँकेंत ठेवूं नये. सोसायटीच्या खात्याखेरीज दुसरें एक खातें असावें. मालविक्रीच्या पट्ट्या व पावत्या जपून ठेवाव्या. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसला तरी रक्कम कोठून आली हें कागदानेंच सिद्ध होतें. महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यावर याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका उरलेली नाहीं. घोषणा होतांच घाबरून दलालास बट्टा देऊन नोटा विकूं नयेत. मुदत व नियम बँकेंत विचारून घ्यावे. सोसायट्यांनींही कर्जाचा कांहीं भाग बियाणें व खत यांच्या रूपानें पेरणीपूर्वींच द्यावा, म्हणजे रोकड अडली तरी तिफण अडणार नाहीं.